तीन पिढ्यांनी मिळून मोठ्या शहरात वाढदिवस साजरा करताना

घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचा महत्त्वाचा वाढदिवस जवळ आला की सगळ्यांनी मिळून कुठेतरी जावे असे कुणीतरी सुचवते आणि बहुतेक वेळा निवड मोठ्या शहराची होते. तिथे पोहोचणे सर्वांना सोयीचे असते, पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि गरज पडल्यास रुग्णालय जवळ असते. मात्र गर्दी, पायऱ्या, अंतरे आणि आवाज यांमुळे ऐंशी वर्षांची आजी आणि तीन वर्षांचा नातू यांना एकाच दिवसात सुखाने सामावून घेणे मोठ्या शहरात सोपे नसते. अशा काही सहली आखल्यानंतर माझे मत असे झाले आहे की प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन आखणीला बसू नये. ज्या दोन-तीन तासांत सर्वजण एकत्र बसून वाढदिवस साजरा करणार आहेत, ते तास आधी ठरवावेत आणि उरलेली सगळी सहल त्या तासांपासून मागे मोजत रचावी.

ते तास कोणते असावेत हे ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनाच विचारावे. अडचण अशी की घरातील मोठ्या माणसांना "तुम्हाला काय आवडेल?" असे विचारले, तर "तुम्ही म्हणाल ते" हेच उत्तर ठरलेले असते, कारण आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये ही भावना त्यांच्या मनात फार खोलवर असते. म्हणून प्रश्न नेमका असावा. सकाळी बागेत बसायला आवडेल की दुपारी जेवायला जमायला आवडेल, फक्त घरचेच हवेत की त्या शहरात राहणारी एखादी जुनी मैत्रीणही हवी, असे दोन-दोन पर्याय समोर ठेवले की खरी इच्छा बाहेर येते. तरुणपणी त्यांनी त्या शहरात शिक्षण घेतले असेल किंवा नोकरी केली असेल, तर त्या काळची गल्ली, महाविद्यालय किंवा राहते घर हेच सहलीतील पहिले ठिकाण धरावे. इमारत आज उभी नसली, तरी त्या जागी उभे राहून त्या जे सांगतील ते नातवंडांना दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळणार नाही.

संपूर्ण सहलच गुपित ठेवण्याचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. वृद्ध माणसाला प्रवासाआधी डॉक्टरांना भेटायचे असते, औषधे भरायची असतात, सवयीच्या चपला आणि ठेवणीतले कपडे काढायचे असतात. शिवाय महिनाभर आधीपासून वाट पाहण्यातही आनंद असतो आणि तो आपण हिरावून घेऊ नये. एखादी छोटी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती जरूर ठेवावी.

तारीख, पैसा आणि कामाची वाटणी

वाढदिवसाची तारीख शहरात पोहोचण्याच्या दिवशी येणार नाही आणि परतीच्या दिवशीही येणार नाही, अशा बेताने प्रवासाची तिकिटे काढावीत. दुसरा किंवा तिसरा दिवस उत्तम, कारण तोवर प्रवासाचा शीण उतरलेला असतो आणि उशिरा पोहोचणारे भाऊ-बहीणही येऊन मिळालेले असतात. पोहोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नये. सकाळी पोहोचणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनच्या सुमारास मिळते आणि तोवर थकलेल्या आजोबांना दर्शनी भागातल्या सोफ्यावर ताटकळत बसावे लागते. खोली लवकर मिळेल का हे आधी लेखी विचारून घ्यावे, आणि ते शक्य नसेल तर निदान ज्येष्ठांच्या खोलीचे आरक्षण आदल्या रात्रीपासून करावे. हा खर्च वाया गेला असे वाटू देऊ नये.

पैशांविषयीचे बोलणे संकोच न करता निघण्याआधी उरकावे. मुक्काम, वाढदिवसाचे जेवण आणि शहरांतर्गत प्रवास हा खर्च सामाईक धरावा आणि खरेदी किंवा एखाद्याच कुटुंबाला हवी असलेली तिकिटे ज्याची त्याने काढावीत, ही विभागणी बहुधा सर्वांना पटते. भावंडांपैकी कुणाची परिस्थिती बेताची असेल, तर वाटे समान असण्याचा आग्रह धरू नये; ज्याला जास्त देणे शक्य आहे त्याने ते आधीच आणि इतरांसमोर बोलून न दाखवता द्यावे. हिशेब एकाने ठेवावा आणि तो सर्वांना पाहता यावा. कामेही वाटून द्यावीत. आरक्षण एकाकडे, औषधे दुसऱ्याकडे, मुलांचे खाणे आणि कपडे तिसऱ्याकडे, असे ठरले नाही तर ही सगळी कामे मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर पडतात आणि तिच्या वाट्याला सहल अशी उरतच नाही.

मुक्कामाची जागा

जागा निवडताना खोलीच्या सजावटीपेक्षा दरवाजापासून पलंगापर्यंतची वाट महत्त्वाची असते. आमच्या आईच्या पंच्याहत्तरीच्या वेळी आम्ही लिफ्ट आहे का असे विचारून घेतले होते आणि "आहे" हे उत्तर खरेही होते. पण रस्त्यावरून त्या लिफ्टपर्यंत पोहोचायला नऊ पायऱ्या होत्या आणि त्यांना कठडा नव्हता. तेव्हापासून मी तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचारते: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्टमध्ये व्हीलचेअर किंवा बाबागाडी मावते का, आणि न्हाणीघरात जाताना उंबरा किंवा बाथटबची कड ओलांडावी लागते का. शक्य असल्यास या वाटेचे चित्रीकरण मागवून घ्यावे. कमोडशेजारी धरायला दांडी असेल तर फारच उत्तम. रात्री दिव्याचे बटण पलंगावरून हाताला लागत नसेल, तर एक छोटा रात्रदिवा सोबत न्यावा. अनोळखी खोलीत रात्री अंधारात चाचपडत न्हाणीघराकडे जाताना पडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

सर्वांनी एकाच मोठ्या घरात राहावे की हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्या घ्याव्यात, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात निघतो. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आणि एकत्र बसायला दिवाणखाना मिळतो, परंतु बारा माणसांत दोन न्हाणीघरे असली की रोज सकाळी खोळंबा होतो. शेजारच्या खोल्या आणि त्यांतली एखादी ऐसपैस, ही व्यवस्था मला अधिक सुखाची वाटते. लहान मूल रात्री रडले तरी आजोबांची झोप मोडत नाही आणि ज्याला दार लावून घटकाभर एकटे पडायचे आहे, त्याला ते कुणाची परवानगी न घेता करता येते.

अंतरे मोजण्याची रीत

भ्रमणध्वनीवरील नकाशा चालण्याचा जो वेळ दाखवतो तो साधारण ताशी पाच किलोमीटर या वेगाने काढलेला असतो. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या चालण्याच्या वेगाचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला, तर पादचाऱ्यांसाठीच्या सिग्नलची वेळ १.२ मीटर हा वेग गृहीत धरून ठरवलेली होती. याचा अर्थ असा की नकाशावर पंधरा मिनिटांचे, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटरचे दिसणारे अंतर आजीला न थांबता चालले तरी पंचवीस मिनिटांचे पडते आणि मध्ये दोनदा टेकले तर चाळीस मिनिटे सहज होतात. म्हणून नकाशावरचा आकडा दुप्पट धरावा, वाटेतली बाके आधी हेरून ठेवावीत आणि रस्ता ओलांडताना हिरवा दिवा नुकताच लागलेला असेल तेव्हाच पाऊल टाकावे.

मेट्रोबाबत एक ठोकताळा उपयोगी पडतो. जितकी जुनी मेट्रो, तितके जिने जास्त. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये, पॅरिसची १९०० मध्ये आणि न्यूयॉर्कची १९०४ मध्ये सुरू झाली. या तिन्ही शहरांत आजही निम्म्याहून अधिक भुयारी स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत जिन्याशिवाय पोहोचता येत नाही. याउलट २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोसारख्या नव्या व्यवस्थांमध्ये लिफ्टची सोय सुरुवातीपासूनच धरलेली आहे. जुन्या शहरात ज्येष्ठांसाठी बस किंवा टॅक्सी अधिक चांगली, आणि बसमधून शहर दिसतेही. मेट्रोने जायचेच असेल, तर चढण्याच्या आणि उतरण्याच्या दोन्ही स्थानकांवरील लिफ्ट त्या दिवशी सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

गाडीचे दार मध्येच बंद होऊन चुकामूक झाली तर काय करायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना, अगदी सहा वर्षांच्या मुलालाही, पाठ करून द्यावा. जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच उभे राहायचे आणि जे फलाटावर राहिले त्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचे. लहान मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र रोज सकाळी काढावे आणि त्यांच्या मनगटावर पालकांचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधावी. ज्येष्ठांच्या खिशातही मुक्कामाचा पत्ता आणि दोन क्रमांक असलेला कागद असावा, कारण गर्दीत बॅटरी संपलेला फोन काही कामाचा नसतो.

औषधे, पाणी आणि स्वच्छतागृह

औषधांचे दोन संच करून ते दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातातील सामानात ठेवावेत. यादीत औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ घटकाचे नाव आणि मात्रा लिहावी, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. इन्सुलिन गोठले की निकामी होते, त्यामुळे विमानप्रवासात ते कधीही सामानकक्षात टाकू नये. अनेक तासांचा वेळफरक ओलांडायचा असेल, तर गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विमानतळावर व्हीलचेअर हवी असल्यास निदान ४८ तास आधी कळवावे. एरवी चालू शकणाऱ्या माणसालाही ती घ्यायला सांगावी, कारण मोठ्या विमानतळांवरील अंतरे आणि रांगा निरोगी माणसालाही थकवतात.

आता ज्याविषयी कुणी मोकळेपणाने बोलत नाही तो मुद्दा. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते, आणि बाहेर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या ती गोळीही परस्पर चुकवतात. दुपारी येणारी चक्कर पुष्कळदा यातूनच येते. त्यामुळे दर दीड तासाने स्वच्छतागृह मिळेल असा रस्ता आखावा आणि "आता पुढच्या थांब्यावर सोय आहे" असे आपण होऊन सांगावे. एवढे ऐकले की त्या निर्धास्तपणे पाणी पितात.

दिवसाची आखणी

सकाळी सर्वांनी मिळून एक गोष्ट करावी, दुपारी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी ज्याला जे हवे ते करू द्यावे. लहान मुलांची झोप आणि आजी-आजोबांची वामकुक्षी बहुधा एकाच वेळी येते, ही निसर्गानेच करून दिलेली सोय आहे. किशोरवयीन मुलांना त्या वेळेत बाहेर सोडावे, शक्यतो दोघा-तिघांना मिळून आणि परतण्याची वेळ ठरवून. सकाळचा रस्ता दाखवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच सोपवावी. ज्या मुलाच्या हाती नकाशा असतो, तो कंटाळत नाही.

संग्रहालय निवडले असेल तर ते पूर्ण पाहण्याचा हट्ट नको. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच दाखवून दिले होते की मांडलेल्या वस्तू पाहताना सतत वाकावे आणि मान वळवावी लागते व त्यानेच प्रेक्षक थकतो. दोन दालने निवडावीत, ती बाकावर बसून पाहावीत आणि बाहेर पडावे. अनेक मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर विनामूल्य मिळते. बंद असण्याचा वार मात्र आधी पाहावा: पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, पॅरिसचे लूव्र मंगळवारी.

वाढदिवसाचे जेवण

हे जेवण रात्री ठेवू नये, दुपारी ठेवावे. रात्री नऊ वाजता मुले पेंगुळलेली असतात, ज्येष्ठांची जेवणाची आणि औषधांची वेळ टळलेली असते आणि उपाहारगृहातला गोंगाट शिगेला पोहोचलेला असतो. वयानुसार ऐकू कमी येऊ लागले की एकट्याशी बोलताना अडचण जाणवत नाही, पण भोवती कलकलाट असला की शब्द वेगळे काढता येत नाहीत आणि मग ज्यांचा वाढदिवस आहे त्याच नुसत्या हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतात. कोपऱ्यातले किंवा स्वतंत्र खोलीतले टेबल मागावे, ते गोल असावे आणि त्यांची पाठ भिंतीकडे असावी. लांब टेबलच मिळाले, तर त्यांना टोकाला मानाच्या जागी न बसवता मध्यभागी बसवावे आणि प्रत्येक पदार्थानंतर शेजारची माणसे बदलावीत, म्हणजे प्रत्येक नातवंडाला त्यांच्याजवळ बसायला मिळते.

केक बाहेरून आणता येतो का हे उपाहारगृहाला आधी विचारावे. खोलीत मेणबत्त्या लावणार असाल तर धुराची सूचना देणारे यंत्र कुठे आहे ते पाहावे. सर्वांचे एकत्र छायाचित्र जेवणापूर्वी काढावे, कारण नंतर मुलांचे कपडे माखतात आणि कुणीतरी झोपलेले असते. भाषणे नकोत, त्याऐवजी प्रत्येकाने त्यांना एक प्रश्न विचारावा आणि उत्तरे कुणीतरी ध्वनिमुद्रित करावीत. आमच्याकडे "तू पहिल्यांदा एकटीने प्रवास केलास तो कधी?" या प्रश्नाचे उत्तर अर्धा तास चालले आणि ते आम्हा मुलांनाही तोवर माहीत नव्हते.

परतीच्या आदल्या संध्याकाळी काही ठरवू नये आणि सामान आवरावे. सकाळी निघताना ज्येष्ठांची खोली ज्याने सामान भरले त्याने न तपासता दुसऱ्याने तपासावी: उशीखालचा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची डबी, न्हाणीघरातील कवळीचा डबा, दाराआडची काठी आणि खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिन.