रस्त्याकडेचं बोन्साय घेताना आधी कुंडी उचलून बघा

माझं पहिलं बोन्साय मी घरी आणलं तेव्हाच ते मेलेलं असावं. जुनिपर होतं, बारीक पाल्याचं सूचिपर्णी झाड. वाकडं खोड, हिरवागार पाला, वर पांढरे गोटे. महिनाभर मी ते लिहायच्या टेबलावर ठेवलं आणि कौतुकाने पाणी घालत राहिलो. एके दिवशी फांदीला बोट लागलं आणि पाल्याचा भुगा हातात आला. जुनिपरचं हे असंच असतं. मुळं गेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा दिसतो.

म्हणून रस्त्याच्या कडेला मांडलेलं झाड घेताना रंगावर भाळू नका. विकणारा मुद्दाम फसवतो असंही नाही. बहुतेकदा त्यानेही ती झाडं घाऊक उचललेली असतात. कुठलं झाड म्हणून विचारलं तर "बोन्सायचं" एवढंच उत्तर मिळतं. पण बोन्साय ही झाडाची जात नव्हे, कुंडीत झाड छोटं ठेवायची कला आहे. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे पसरट कुंडी आणि 'साय' म्हणजे लागवड. आज तळहातावर मावणारं फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) उद्या जमिनीत लावलं तर चांगलं मोठं झाड होईल.

आधी जागा ठरवा, मग झाड

घरातून निघण्यापूर्वीच झाड कुठे ठेवणार ते ठरवा. उजेडाच्या खिडकीशी ठेवायचं असेल तर फायकस किंवा जेड घ्या. फायकस ओळखायला सोपं आहे, पान तोडलं की पांढरा चीक येतो. जेडच्या जाड पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे चार दिवस विसरलात तरी ते रुसत नाही. जुनिपर मात्र बाहेरचं झाड आहे. त्याला रोज काही तास थेट ऊन लागतं आणि वर्षातून एकदा थंडीची विश्रांती लागते. "घरातही राहतं" असं कोणी कितीही ठासून सांगितलं तरी ऐकू नका. बारीक पांढऱ्या फुलांची कार्मोना आणि सेरिसा दिसायला गोड, पण जागा बदलली तरी पानं टाकतात. ती नंतर कधीतरी.

कुंडी हातात घ्या

बहुतेक गिऱ्हाइकं फांद्या बघतात आणि पैसे देतात. तुम्ही कुंडी उचला आणि तळ बघा. तळाला भोक नसेल तर ती ठेवून द्या, कारण निचराच होणार नाही. भोकातून पांढरी किंवा तपकिरी, टणक मुळं डोकावत असतील तर उत्तम. मुळं काळी, लिबलिबीत असतील किंवा मातीला कुजका वास येत असेल तर पुढचं झाड बघा. खाली तारेची टोकं दिसली तर घाबरू नका. झाड हलू नये म्हणून मुळं कुंडीला बांधायची पद्धत आहे, आणि कोणीतरी मन लावून लावल्याची ती खूण समजा.

आता वरून बघा. गोट्यांना नख लावा. ते एकमेकांना चिकटलेले असतील तर वाहतुकीत माती सांडू नये म्हणून गोंद ओतलेला आहे. या पापुद्र्यावरून पाणी घरंगळून कडेने निघून जातं आणि आतली माती कोरडीठाक राहते. तेवढ्यासाठी झाड नाकारायचं कारण नाही, पण घरी नेल्यावर पहिलं काम तेच. कुंडी काही तास पाण्यात ठेवली की गोंद बरेचदा सैल होतो. मग स्क्रूड्रायव्हरने पापुद्रा कडेकडेने उचकटून काढा, मुळांना धक्का न लावता.

खोड बुंध्याशी दोन बोटांत धरून हळूच हलवा. मातीसकट हललं तर ठीक. मातीत नुसतं लटपटलं, तर मुळं धरलेली नाहीत किंवा खोचलेली फांदीच तुम्हाला झाड म्हणून विकली जातेय. "या कुंडीत कधी लावलं?" हे विचाराच. उत्तर "गेल्या आठवड्यात" असेल तर मी तरी घेणार नाही.

मग एका बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा, विक्रेत्याला विचारून. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन्ही घरी नेऊ नका.

वयाच्या गप्पा हसून सोडून द्या. जाड खोड म्हणजे म्हातारं झाड नव्हे, जमिनीत वाढवलं की खोड लवकर पोसतं. त्यापेक्षा बुंधा रुंद आणि वर निमुळता आहे का ते बघा. फांद्या नंतर वाढवता येतात, बुंधा घडायला फार वर्षं लागतात.

दोन झाडं घ्या, वेगवेगळी. हे उधळपट्टीचं वाटेल, पण एकच झाड असलं की माणूस दिवसभर त्याच्याच मागे लागतो, आणि नवशिक्यांची कितीतरी झाडं अशा लाडानेच मरतात.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे नवी झाडं इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही, खत नाही. पाणी मात्र घड्याळ बघून घालू नका. "रोज एक कप" हा सल्ला तर विसराच. बोट पेरभर मातीत खुपसा. फायकसची माती वरवर सुकली की, आणि जेडची चांगली कोरडी झाली की पाणी द्या, तळातून वाहेपर्यंत. माती खडखडीत झाली असेल तर कुंडी पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे येतील, ते थांबले की काढून निथळू द्या.

फांद्यांना तार गुंडाळलेली असेल तर ती सालीत रुतते आहे का हे बघत राहा. रुतायला लागली की उलगडू नका, फांदी मोडते. कटरने वेढ्यावेढ्याला तुकडे करून काढा.

फायकसला नवी पालवी फुटली की हात शिवशिवतील. थांबा. फुटवा सहा-आठ पानांचा होऊ द्या, मग दोन पानं ठेवून वरचं कापा आणि चीक ओल्या फडक्याने टिपून घ्या. गाजरासारख्या फुगीर मुळांचं फायकस घेतलं असेल, तर त्यावर वरची पालवी बहुधा कलम केलेली असते. कलमाच्या खालून वेगळ्या आकाराच्या पानांचा फुटवा आला, तर तो बुडापासून काढून टाका.