ताफ्यातली बस अचानक गेली? बदली गाडी आणताना या चुका टाळा

बस जाते ती चार-पाच प्रकारांनी. जळते, आपटते, पावसाच्या पाण्यात इंजिनापर्यंत बुडते, पोलीस ठाण्याच्या आवारात अडकते. किंवा ठेकेदार एका सकाळी काम बंद करतो आणि धडधाकट गाड्या गेटच्या आतच राहतात. मार्च 2023 मध्ये पुण्याने हा शेवटचा प्रकारही पाहिला. कारण काहीही असो, डेपोसमोर प्रश्न एकच असतो: उद्या पहाटेची पहिली खेप कोणती गाडी मारणार? कार्यालयात मात्र तासाभरात त्याचा "नवी गाडी कधी येणार?" होतो आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

वाहतूक विभागात नोकरी झाली. हल्ली या क्षेत्रात नव्याने आलेली मुलंमुली अधूनमधून विचारायला येतात. हुशार असतात, एक्सेल तर माझ्या हयातीत मला येणार नाही इतकं छान येतं. पण डेपोत रात्री अकराला, गाड्या आत यायच्या वेळी, उभं राहायची तयारी नसते. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

पहिल्याच दिवशी खरेदीमागे धावणं

पुण्यात बसून असं वाटणं साहजिक आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, दापोडीत एसटीची कार्यशाळा, भोसरीत सीआयआरटी आणि कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्था. बस बांधणारे आणि तपासणारे सगळे हाकेच्या अंतरावर. तरीही टेंडर, चासी, एआयएस-052 या मानकाप्रमाणे बॉडी, एआयएस-140 या मानकाचं ट्रॅकिंग आणि धोक्याचं बटण, पासिंग, नोंदणी हे सगळं उरकेपर्यंत ऋतू बदलतात. खरेदी करावीच लागते, पण तिचा उद्या पहाटेशी काही संबंध नसतो.

मी तीन वेगळे कागद करायचो. आज रात्रीचा, या महिन्याचा आणि पुढच्या वर्षाचा. आज रात्री स्पेअर गाडी किंवा वेळापत्रकातली ओढाताण. या महिन्यात दुसऱ्या डेपोतून किंवा बाहेरून उसनी गाडी. पुढच्या वर्षी खरेदी किंवा नवा करार. उसनं आणण्यात कमीपणा नाही. 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यांत लंडनच्या बस गेल्या तेव्हा तिथल्या परिवहन संस्थेने देशभरातल्या बस कंपन्यांकडून गाड्या मागून आणल्या आणि त्या त्यांच्या मूळ रंगातच लंडनच्या रस्त्यांवर धावल्या. आपल्याकडे उसन्या गाडीला परवान्याची कटकट असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 87 चा तात्पुरता परवाना एका वेळी जास्तीत जास्त चार महिन्यांचा मिळतो. ही मुदत पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

"बारा मीटरच्या जागी बारा मीटर दिली ना!"

ही माझी नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

एका सेवेतली गोष्ट आहे. नाव आणि डेपो गाळतो. बीआरटीवरची, म्हणजे बससाठी राखीव लेनवरची, एक गाडी रात्री शॉर्ट सर्किटने जळाली. माणसं सुखरूप उतरली. नव्याने रुजू झालेल्या साहेबांनी झोप न घेता शेजारच्या डेपोतून गाडी मिळवली. लांबी बारा मीटर, इंधन सीएनजी, आसनं तेवढीच. तक्त्यातले तिन्ही रकाने जुळले आणि रात्री दोनला वरिष्ठांना "प्रश्न सुटला" असा मेसेज गेला.

पहाटे चालकाने गाडीला एक चक्कर मारली आणि गेटवरच विचारलं, "हिला उजवं दार कुठंय?" बीआरटीचं स्थानक रस्त्याच्या मधोमध, म्हणजे चढ-उतार उजव्या बाजूने. या गाडीला दार फक्त डावीकडे. गेटवरच्या माणसाने ठरलेलं उत्तर दिलं, "वरून ऑर्डर आहे, घेऊन जा."

गेला बिचारा. बीआरटीच्या लेनमध्ये जाऊन उपयोग नव्हता, म्हणून बाहेरच्या रहदारीतून, डाव्या कडेला थांबत थांबत. स्थानकातले प्रवासी काचेच्या दारामागे उभे, डोळ्यांसमोरून त्यांची बस जाते आहे. काही जण कठडा ओलांडून रस्त्यावर उतरले. सकाळच्या गर्दीत, दुचाक्यांच्या मधून. कुणाला लागलं नाही हे नशीब. आणि संध्याकाळचा अहवाल? सगळ्या फेऱ्या पूर्ण, किलोमीटर पूर्ण, रद्द खेप शून्य. साहेब खूश.

त्या शेड्यूलचं, म्हणजे एका गाडीला नेमून दिलेल्या दिवसभराच्या फेऱ्यांचं, तिकीट उत्पन्न नेहमीपेक्षा कितीतरी खाली आल्याचं दुसऱ्या दिवशी एका जुन्या कंट्रोलरच्या नजरेला आलं. त्यांनी कुणालाही न विचारता दहा मिनिटांत काम उरकलं. साध्या मार्गावर दोन्ही बाजूंना दारं असलेली एक गाडी विनाकारण धावत होती. ती बीआरटीवर घेतली आणि उसनी गाडी त्या साध्या मार्गावर टाकली. नवी गाडी आली नाही, पैसा गेला नाही.

उसनी किंवा विचित्र गाडी थेट रिकाम्या जागी बसवायचीच नाही. आपल्याच गाड्या एकेक घर सरकवायच्या आणि परकी गाडी जिथे सगळ्यात कमी अडेल तिथे, साखळीच्या शेवटी, सोडायची. त्यासाठी प्रत्येक शेड्यूलला काय लागतं ते आधी माहीत हवं. दार कुठल्या बाजूला, वळण किती अरुंद, चढ आहे का, इंधन कुठे भरणार, शेवटच्या थांब्यावर गाडी फिरवायला जागा किती. पेठांत 'पुण्यदशम'च्या छोट्या मिडी बस उगाच आणलेल्या नाहीत. तिथे बारा मीटरची गाडी घालाल तर एका वळणावर अर्धी पेठ थांबेल. सासवडकडे जाणारी गाडी दिवे घाट चढणारी हवी. मी शेड्यूलमागे एक कार्ड ठेवायचो, पेन्सिलने लिहिलेलं. आता कुणी ॲप करतो म्हणालं तर करा, पण माहिती चालकांना विचारून भरा. ड्रॉइंगवरून भराल तर दिवे घाट सपाट दिसेल.

आणि गाडीबरोबर चालकाचाही विचार करा. स्थानकाच्या फलाटाला गाडी हातभर अंतरावर लावणं हे सवयीचं काम आहे. दुसऱ्या डेपोचा माणूस पहिल्याच दिवशी ते करणार नाही.

कागदावरचे स्पेअर मोजणं

समजा डेपोत 100 गाड्या आणि 90 शेड्यूल. कार्यालय म्हणतं 10 स्पेअर आहेत, एक गेली तर एवढा आरडाओरडा कशाला? आता फोरमनला विचारा. चार डॉकिंगला म्हणजे ठरलेल्या देखभालीला, दोन पासिंगला, दोन पार्टची वाट पाहत, एक गेल्या महिन्यातल्या अपघाताची. उरली एक, आणि तिच्या सीएनजी टाकीच्या चाचणीची मुदत संपलेली. ही चाचणी दर तीन वर्षांनी लागते, ती नसेल तर गॅस भरणारा नळी लावत नाही. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तेही उभ्या गाडीचं नेमकं विसरलं जातं.

अमेरिकेत केंद्रीय निधी घेणाऱ्या मोठ्या सेवांना 20 टक्क्यांपर्यंत स्पेअर ठेवता येतात, शिवाय जुन्या गाड्यांचा आणीबाणीचा वेगळा साठाही. हा आकडा प्रेझेंटेशनमध्ये टाकणारे खूप भेटतात. आपल्याकडे जुन्या गाड्या कोपऱ्यात जपून ठेवू म्हटलं तरी सोय नाही. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि परिवहन उपक्रमांच्या 15 वर्षांवरच्या वाहनांची नोंदणीच नूतनीकरण होत नाही. म्हणून टक्केवारी विसरा. उद्या सकाळी चावी फिरवली तर सुरू होऊन गेटबाहेर पडेल अशा गाड्या मोजा. वारीच्या दिवसांत आळंदी-देहूच्या जादा गाड्या आणि गणपतीत रात्रीच्या जादा फेऱ्या काढल्या की बहुधा एकही उरत नाही. त्या दिवसांत गाडी गेली तर कमी गर्दीच्या मार्गावरची एक फेरी उघडपणे, आधी सांगून रद्द करावी. सगळ्या फेऱ्या चालू दाखवायच्या आणि प्रवाशाला थांब्यावर तासभर उभं करायचं, हा प्रकार मला पटत नाही.

गेलेल्या गाडीचे पार्ट काढणं

दुसरी नावडती चूक, आणि ही जुन्या जाणत्यांचीही आहे.

अपघाताची गाडी टो होऊन आली की वर्कशॉपच्या नजरा तिच्यावर जातात. अल्टरनेटर चांगला आहे, टायर नवे आहेत, पुढची काच वाचली आहे. बाजूलाच दुसरी गाडी याच अल्टरनेटरसाठी उभी असते. मोह होतो हे मान्य. एका ठिकाणी मी पाहिलं, दोन दिवसांत गाडीचा सांगाडा झाला. मग विम्याचा सर्व्हेअर आला. टायर अपघातात गेले की माणसांनी काढले? अल्टरनेटर कुठे? कुणाकडेही नोंद नव्हती. फोटो नव्हते. दावा रखडला, वाद वाढला, आणि जी गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली असती ती भिंतीला टेकून गवत वाढवत राहिली. निर्लेखनाचा, म्हणजे गाडी भंगारात काढण्याचा, प्रस्तावही पुढे सरकेना, कारण कागदावर ती पूर्ण गाडी होती आणि जागेवर अर्धी.

गाडी आत येताच चारही बाजूंनी, इंजिनचे, आतल्या आसनांचे फोटो. चासी नंबरचा वेगळा फोटो. मग गाडीभोवती दोरी. सर्व्हे आणि पंचनामा होईपर्यंत एक बोल्टही निघायचा नाही. त्याआधी विमा आहे का हेही पाहा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 खाली परिवहन उपक्रमांना निधी उभारून सक्तीच्या विम्यातून सूट मिळू शकते. अशा वेळी गाडीच्या नुकसानीचा दावा करायला पॉलिसीच नसेल. पॉलिसी असेल आणि दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या गाडीच्या घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. हे आधी कळलं तर दुरुस्तीचा आग्रह धरून महिने वाया जात नाहीत.

पार्ट काढायचेच असतील तर नंतर, लेखी, कुठल्या गाडीतून कुठल्या गाडीत ते लिहून.

पोलिसांकडे अडकलेली गाडी हा याचाच धाकटा भाऊ. "केस संपली की मिळेल" म्हणून लोक गप्प बसतात. केस वर्षानुवर्षं चालते, गाडी तिथेच उन्हापावसात सडते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन ताब्यात द्यावीत. पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेची (सीआरपीसी) कलमं 451 आणि 457 होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची 497 आणि 503. सुपूर्तनाम्याचा, म्हणजे गाडी ताब्यात मिळण्याचा, अर्ज आपल्या विधी विभागाने त्याच आठवड्यात टाकावा. कुणी फोन करून आठवण देणार नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एक जळाली, बाकीच्या धावू द्या: नाही. त्याच बॅचच्या गाड्या आधी तपासा. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत आगीच्या घटनांनंतर बेस्टने तशा 400 सीएनजी बस रस्त्यावरून काढल्या. पॅरिसमध्ये एप्रिल 2022 मध्ये दोन आगींनंतर 149 इलेक्ट्रिक बस थांबवल्या. म्हणजे योजना करताना एका गाडीची करून भागत नाही, एका पूर्ण मॉडेलची करावी लागते. सगळा डेपो एकाच मॉडेलने भरणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

ठेकेदाराची गाडी, ठेकेदाराची डोकेदुखी: करारात बदली गाडी किती तासांत, किती लांबीची, कुठल्या इंधनाची हे लिहिलं नसेल तर डोकेदुखी तुमचीच. दंड कापून प्रवासी घरी पोचत नाही.

सीएनजीच्या जागी ई-बस सहज चालते: चालते, दुपारी चार्जर रिकामा असला तर. शेड्यूलमध्ये चार्जिंगची वेळ नसताना गाडी टाकली की संध्याकाळच्या गर्दीत ती मधेच मागे फिरते.

परवान्यावर गाडी परस्पर बदलणं: मोटार वाहन कायद्याच्या कलम 83 प्रमाणे त्याच प्रकारची दुसरी गाडी घालता येते, पण परवानगी घेऊन. आणि जी गाडी पूर्ण नष्ट झाली तिची माहिती कलम 55 प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. ही मुदत बहुतेकांना माहीतच नसते.

गेलेल्या गाडीची मार्गाची पाटी तेवढी बदली गाडीला लावणं: नंबर वेगळा, ट्रॅकर वेगळा. नव्या ट्रॅकरची शेड्यूलशी जोडणी केली नाही तर पुण्याच्या शहर बससेवेच्या 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बस दिसतच नाही. लोक रिक्षा करून निघून जातात आणि मागून तुमची बस रिकामी येते. कंट्रोल रूमला फोन करून ही जोडणी गाडी गेटबाहेर पडायच्या आधी करून घ्या, चहा नंतर.