एंजल आणि निऑन एकाच टँकमध्ये ठेवायचेत? आधी तोंडाचं माप बघा

माशांच्या दुकानात विचारलं की एंजलसोबत निऑन चालतील का, तर उत्तर ठरलेलं, "बिनधास्त ठेवा साहेब, दोन्ही शांत मासे आहेत." मीही ठेवले. दहा निऑन आणि दोन चांगले मोठे एंजल, पहिला आठवडा इतका मस्त गेला की येईल त्या पाहुण्याला आधी टँकसमोर नेऊन बसवायचो. मग एका सकाळी आई म्हणाली, "अरे, आठच दिसतायत." म्हटलं झाडात लपले असतील. चार दिवसांनी सहा. बरं मेलेला मासा तरंगताना दिसत नाही, फिल्टरला चिकटलेला नाही, उडी मारून टँकच्या मागे पडलेला पण नाही. शेवटी एकदा पहाटे पाणी प्यायला उठलो, सहज मोबाईलचा टॉर्च मारला तर मोठ्या एंजलच्या तोंडातून लाल शेपटी बाहेर लोंबतेय.

त्यात एंजलचा काही दोष नाही हो. दोन्ही मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अमेझॉनकडचे, आणि तिकडे नदीत एंजल बारीकसारीक मासे खातोच. दिसायला कितीही संत वाटला तरी तो सिक्लिड कुळातला मासा आहे, म्हणजे ऑस्कर नावाच्या शिकारी माशाच्याच खानदानातला. त्याचं गणित साधं, तोंडात मावलं की गिळायचं. निऑन जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा, अंगाने काडीसारखा, आणि पूर्ण वाढलेल्या एंजलचं अंग १५ सेंटीमीटरपर्यंत जातं. म्हणजे "शांत आहे का भांडखोर" हा प्रश्नच चुकीचा, माप विचारायचं.

मग जमवायचं कसं तर क्रम उलटा करायचा. आधी निऑन आणायचे, दुकानातल्या बारक्या पिल्लांपेक्षा जरा वाढलेले बघून घ्यायचे, दीड-दोन महिने टँकमध्ये रुळू द्यायचे. त्यानंतर एंजल, तेही छोटे, अंग दहा रुपयाच्या नाण्याएवढं असतानाच. असे एंजल निऑनना रोज आजूबाजूला बघतच मोठे होतात आणि सहसा त्यांना खाणं समजत नाहीत. सहसा म्हणतोय, लिहून देत नाही. एखादा एंजल डँबिस निघतोच, त्याला वेगळं काढायची तयारी ठेवा.

खरं सांगू का, आपल्याकडे मी निऑनऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल मासाच घ्या म्हणेन. ओळखायला सोपं आहे, निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, कार्डिनलचा डोक्यापासून पार शेपटीपर्यंत. कार्डिनल अंगाने भरलेला, पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि मुख्य म्हणजे त्याला गरम पाणी मानवतं. निऑनला २१ ते २६ डिग्री बरं वाटतं, एंजलला २५ ते २८, म्हणजे दोघांचं जुळतं ते फक्त २५-२६ वर, आणि एप्रिल-मे मध्ये माझ्या टँकचं पाणी काही न करता ३१ ला जातं. तेव्हा झाकण काढून वर जाळी टाकतो आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर लावतो, दोन-तीन डिग्री आरामात उतरतात. पाणी भराभर उडतं, रोज थोडी भर घालावी लागते तेवढंच. बर्फाची बाटली सोडायचा प्रकार करू नका, तापमान धाडकन पडतं आणि मासे आजारी पडतात.

टँक तीन फुटी घ्या. ३६ × १५ × १८ इंच, गुणाकार करून ६१ ने भागलं की लिटर येतात, साधारण १५९. उंची १८ इंचाच्या खाली नको कारण एंजल पंखांसकट वीसेक सेंटीमीटर उंच होतो, ठेंगण्या टँकमध्ये पंख वाकडे वाढतात. आणि १५९ लिटर म्हणजे तेवढे किलो नुसतं पाणीच, वर काच आणि वाळू, त्यामुळे जुन्या टीपॉयवर ठेवायचा विचार मनातून काढून टाका.

टँक भरला की दुसऱ्या दिवशी मासे सोडू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही मंडळी फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तर अँटी-क्लोरीन टाकायचंच. धरणाचं पाणी बहुतेक सौम्य असतं, ते दोघांना चालतं. बोअर किंवा टँकरचं असेल तर बादलीला पांढरे डाग पडतात का बघा, पडत असतील तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, त्यात निऑन फार टिकत नाहीत.

मासे घरी आणल्यावर पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवायची पंधरा मिनिटं, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत, आणि एअरपंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब बादलीत पाडायचं. सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. नंतर जाळीने मासे उचलून सोडायचे, दुकानाचं पाणी मोरीत. जमलं तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. निऑनला एक वाईट रोग होतो, पट्ट्याचा रंग मध्येच उडतो, अंग पांढरट पडतं, पुढे पाठ वाकते. त्यावर खात्रीचं औषध नाही, आणि मेलेला मासा बाकीच्यांनी चावला की पसरतो, एंजललाही लागू शकतो. तसा दिसला की लगेच बाहेर काढा.

निऑन दहा-बाराच्या खाली नकोत, कमी असले की घाबरून कोपऱ्यात बसतात. एंजल एकच ठेवला तर डोक्याला ताप नाही. जोडी हवी असेल तर चार-पाच छोटे घ्या, जोडी जमली की बाकीचे दुकानात परत द्या. नुसते दोन उचलून आणणं म्हणजे लॉटरी, आणि तीन ठेवलेत तर दोघं मिळून तिसऱ्याला बदडतात. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, म्हणजे लांब पात्यांचं पाण्यातलं झाड, दाट लावा, म्हणजे निऑनला पळायला जागा राहते. फिल्टरचा झोत जोरात नको, एंजलचे पंख म्हणजे पतंग, झोतात ते दमतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रात्र. निऑन अंधारात झोपतो तेव्हा त्याचा रंग अक्षरशः उतरतो, फिका पडतो, आणि एका जागी लटकलेला असतो. माझे जे गेले ते सगळे रात्री किंवा पहाटे. तेव्हापासून टँकचा लाईट बंद करायच्या अर्धा तास आधी एंजलना पोटभर देतो, एका कोपऱ्यात मोठे दाणे टाकायचे, ते तिकडे धावले की दुसऱ्या कोपऱ्यात निऑनसाठी बोटांनी चुरडलेले फ्लेक्स. टँकचा लाईट गेल्यावर खोलीचा दिवा वीस मिनिटं चालू ठेवतो, तेवढ्यात निऑन झाडांत शिरून बसतात. सकाळी पण आधी खोलीचा दिवा, मग टँकचा.

एवढं करून जोडी जमली तर एक दिवस दोघं मिळून एखादं रुंद पान नाहीतर फिल्टरचा पाईप तोंडाने घासून साफ करायला लागतील. समजायचं अंडी येणार. मग अर्धा टँक त्यांच्या मालकीचा आणि निऑनचा अख्खा कळप उरलेल्या कोपऱ्यात. पिल्लं हवी असतील तर जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवा, नाहीतर काही उपयोग नाही, कारण रात्री नुसतं लटकून राहणारे हेच निऑन अंड्यांचा वास लागला की धीट होतात. माझ्या जोडीने तीनदा अंडी घातली आणि तिन्ही वेळा सकाळी पान स्वच्छ, आणि निऑन मंडळींची पोटं टम्म.