आयरिश शाळेच्या रग्बी टीमचा जुना फोटो: शाळा आणि साल कसं शोधायचं

असा फोटो हातात आला की सगळे आधी चेहरे बघतात, हे आजोबा का ते आजोबा, आणि तिथेच गाडी अडते, कारण एकसारखा भांग पाडलेली, हाताची घडी घातलेली पंधरा-सोळा पोरं कॅमेऱ्याकडे रागाने बघतायत, त्यात ज्याला जो हवा तो दिसतो. चेहरे शेवटी घ्या. आधी बॉल बघा.

मधे बसलेला बहुतेक कॅप्टन असतो, बॉल त्याच्या मांडीवर नाहीतर पायाशी, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने शाळेची आद्याक्षरं नि साल रंगवलेलं बऱ्याचदा सापडतं. 1912-13 असं जोडसाल असेल तर गोंधळू नका, सीझन शरद ऋतूत सुरू होऊन पुढच्या वसंतात संपतो. समोर कप ठेवलेला असेल तर फोटो जोडीतल्या दुसऱ्या सालचा धरा, कारण कपची फायनल मार्चच्या आसपास, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात तर परंपरेने 17 मार्चला, सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणालाच. कपवरून अजून एक कळतं. आयर्लंडचे पारंपरिक प्रांत चार आणि प्रत्येकाचा कप वेगळा: शाळांचा सिनिअर कप अल्स्टरमध्ये 1876 ला सुरू झाला, लीन्स्टरमध्ये 1887, मन्स्टरमध्ये 1909 आणि कॉनक्टमध्ये 1913 ला. म्हणजे मन्स्टरमधल्या कॉर्कच्या शाळेची पोरं मन्स्टरचा सिनिअर कप घेऊन बसली असतील तर कोणी कितीही शपथेवर सांगो, तो फोटो 1905 चा नाही.

आता जर्सी, आणि इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. 1920 च्या आधी फोटो ज्यांवर उमटायचा त्या बऱ्याचशा काचेच्या प्लेट्सना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा मात्र फार जोरात दिसायचा, त्यामुळे लाल कापड फोटोत काळं येतं आणि निळं फिकट. ब्लॅकरॉक कॉलेज या डब्लिनच्या शाळेचे निळे-पांढरे आडवे पट्टे अशा फोटोत इतके पुसट येऊ शकतात की जर्सी धुऊन धुऊन विटलीये असं वाटावं, उलट गडद पट्टा बघून तुम्ही काळा म्हणाल नि तो असेल लाल. बेल्व्हेडिअर शाळेचे पट्टे काळे-पांढरे, क्लोंगोज वूड शाळेचे जांभळे-पांढरे, नुसत्या करड्या छटेवर यातली निवड करू नका, पट्ट्यांची रुंदी, कॉलर, छातीवरचा बिल्ला हे त्याच शाळेच्या नक्की साल माहीत असलेल्या दुसऱ्या फोटोशी लावून बघा. आणि ते फोटो रंगीत करून देणारं अ‍ॅप कृपा करून आत्ता वापरू नका, ते रंग ओळखत नाही, अंदाज ठोकतं, आणि मग घरात तोच रंग खरा मानला जातो.

कडेला उभी मोठी माणसंही कामाची. पायघोळ काळा झगा नि पाद्र्याची कॉलर असेल तर शाळा कॅथलिक असण्याची शक्यता जास्त: अशा शाळा वेगवेगळ्या कॅथलिक धर्मसंघांच्या, बेल्व्हेडिअर आणि क्लोंगोज जेझुइटांच्या, ब्लॅकरॉक नि टिपरेरीतलं रॉकवेल होली घोस्ट फादर्सचं, कॅसलनॉक व्हिन्सेंशियन लोकांचं. नुसते कोट-टायवाले मास्तर असतील तर मात्र त्यावरून काही ठरवू नका. पोरं सोळा-सतरा मोजली तरी दचकू नका, पंधराच्या टीमसोबत राखीव पोरंही बसवायचे.

पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचं नाव असतं, ते भिंगाने वाचा. लाफायेत असेल तर तो डब्लिनचा 1880 ला सुरू झालेला नामांकित स्टुडिओ, त्याच्या नावाखाली बेलफास्टचा पत्ता छापलेला असेल तर फोटो 1900 किंवा त्यानंतरचा. फ्रेम उघडलीत तर मागचा कागद फेकू नका पण फोटो पुठ्ठ्यावरून सोलायला जाऊ नका, फाटतोच. कडेने धरायचा, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. स्कॅन 600 डीपीआयला, टिफ फाइल, पुठ्ठ्याच्या कडांसकट.

आता नावं. खाली छापलेली असली तर आडनाव आणि आद्याक्षर एवढंच मिळतं, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं बऱ्याचदा कितीतरी वर्षांनी आठवून लिहिलेली असतात, त्यामुळे छापील ओळीला जास्त मान द्या. मग 1901 आणि 1911 ची जनगणना उघडा, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे. पोरगा बोर्डिंगमध्ये असेल तर तो घरच्या पत्त्यावर नाही, शाळेच्या यादीत सापडेल, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. त्या काळचे पेपर कपच्या मॅचला दोन्ही टीमची नावं छापायचे, तीन-चार आडनावं एकत्र जुळली की साल पक्कं.

फोटो 1914 च्या आधीच्या काही वर्षांतला असेल तर युद्धातल्या मृतांच्या याद्याही बघा. डब्लिनचे बरेच रग्बीवाले लॅन्सडाउन रोड या रग्बीच्या मैदानावर जमून ब्रिटिश लष्कराच्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सच्या सातव्या बटालियनच्या डी कंपनीत गेले आणि ऑगस्ट 1915 मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला सुव्हला बेवर उतरले. आणि सगळे एकाच बाजूला गेले असंही नाही, 1920 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढून अठराव्या वर्षी फाशी गेलेला केविन बॅरी बेल्व्हेडिअरमध्ये रग्बीच खेळायचा.

एवढं झाल्यावर शाळेच्या आर्काइव्हला मेल टाका, पण "हा कोण?" असं नका विचारू. स्कॅन जोडा, बॉलवरची अक्षरं, स्टुडिओ, जुळलेली आडनावं लिहा आणि त्या सालचा शाळेचा वार्षिक अंक तपासाल का एवढंच विचारा.