निगेटिव्ह स्कॅनमधले डाग, रेघा आणि वर्तुळं: दोष कुठला ते ओळखा, मग उपाय करा

फ्लॅटबेड स्कॅनरवर निगेटिव्ह स्कॅन केली आणि फोटोत डाग दिसला, की बरेच जण थेट फोटोशॉप उघडतात. आधी तो डाग फिल्मवर आहे की स्कॅनरवर, एवढं तपासा. फिल्मची पट्टी होल्डरमध्ये (फिल्म धरणाऱ्या चौकटीत) १८० अंशांनी फिरवून तीच फ्रेम पुन्हा स्कॅन करा. डाग चित्राबरोबर फिरला तर तो फिल्मवर आहे. काचेवरच्या जागीच राहिला तर काच पुसा. मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून पुसायचं, काचेवर थेट फवारायचं नाही, कारण द्रव कडेने आत उतरतो. झाकणातला पांढरा पॅड काढून आतली दिव्याची काचही पुसा. ती बहुतेकांकडून राहून जाते.

स्कॅनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रंगीत रेघ आली असेल, तर फिल्मला दोष देऊ नका. स्कॅन सुरू होण्याआधी स्कॅनर काचेच्या सुरुवातीच्या पट्ट्यात प्रकाश मोजून घेतो. एप्सनच्या होल्डरला त्यासाठीच तिथे मोकळी खाच ठेवलेली असते. त्या पट्ट्यात धुळीचा एखादा कण असला, तरी तेवढ्या रांगेचं मोजमाप चुकतं आणि रेघ पूर्ण लांबीभर उमटते. खाच झाकली जाऊ देऊ नका आणि तेवढी जागा नीट पुसा.

पाण्यावर तेल पसरावं तशी रंगीत वर्तुळं म्हणजे न्यूटन रिंग्ज. फिल्मची गुळगुळीत बाजू काचेला जवळपास टेकली, की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे ती उमटतात. पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. चकचकीत दिसते ती बेसची, म्हणजे प्लास्टिकची बाजू आणि किंचित मंद दिसते ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची. फिल्म काचेवर नुसती ठेवू नका, होल्डर वापरा. बाक आलेली पट्टी होल्डरमध्येही मधोमध खाली झुकते. अशी पट्टी बटर पेपरच्या स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकाखाली काही दिवस दाबून ठेवा. तरीही जमलं नाही तर इमल्शनची बाजू खाली करून स्कॅन करा आणि सॉफ्टवेअरमध्ये चित्र आडवं उलटवा.

फिल्मवरची धूळ पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे रंग उलटवून मिळालेल्या सरळ चित्रात, पांढरी दिसते, इमल्शन खरवडून निघालं असेल तिथे काळं दिसतं. धूळ रबरी ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. डिजिटल आइस हे स्कॅनमधली धूळ आपोआप पुसणारं तंत्र इन्फ्रारेडच्या आधारे धूळ ओळखतं. रंगीत निगेटिव्हवर ते छान चालतं. साध्या कृष्णधवल फिल्मवर मात्र बंदच ठेवा, कारण चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात आणि चित्रालाच धूळ समजून ते पुसलं जातं. इलफर्ड एक्सपी२ या कृष्णधवल फिल्ममध्ये डेव्हलपिंगनंतर चित्र रंगद्रव्याचं असतं, म्हणून तिथे ते चालतं.

पाणी वाळल्याचे डाग असतील तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात कोडॅक फोटो-फ्लो २०० चे (पाण्याचे थेंब राहू न देणाऱ्या द्रवाचे) ५ मिली घालून पट्टी भिजवा आणि धूळ नसलेल्या जागी टांगून वाळवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जाळीदार डाग येतात, ती बुरशी. तिला पाणी लावायचंच नाही. बुरशीने इमल्शनमधलं जिलेटिन विरघळण्याजोगं झालेलं असतं, चित्रच वाहून जाईल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा. आधी पट्टीच्या कोऱ्या टोकावर करून बघा.

फोटो मऊ, धूसर येतो तेव्हा होल्डरची उंची तपासा. ती बदलता येत असेल तर एकच फ्रेम प्रत्येक उंचीला स्कॅन करून सगळ्यांत धारदार कोणती ते बघा. ६४०० डीपीआयच्या (दर इंचातल्या ठिपक्यांच्या) मागे लागू नका. घरगुती फ्लॅटबेडची लेन्स एवढा तपशील देतच नाही, नुसती फाइल फुगते. ३५ मिमीच्या फ्रेमला २४०० डीपीआयला साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, ए४ प्रिंटला पुरेसे.

रंग बिघडले असतील तर क्रॉप फ्रेमच्या थोडा आत घ्या. कडेची नारिंगी पट्टी किंवा होल्डरचा काळा भाग आत आला, की ऑटो एक्सपोजर फसतं. आकाशात रंगांच्या पायऱ्या दिसत असतील तर ४८-बिट (प्रत्येक रंगाला १६ बिट) टिफ फाइलमध्ये स्कॅन करून रंगांची दुरुस्ती नंतर करा, आठ बिटांत ताणलेले रंग तुटतात.