इंग्रजी शिकवणं सोडून संपादनाकडे वळताना

पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होते, आता घरून प्रूफरीडिंग (छपाईआधीची शेवटची तपासणी) आणि कॉपी एडिटिंग (भाषेची दुरुस्ती) करते. या वाटेने येऊ पाहणारे शिक्षक विचारतात, व्याकरण पक्कं आहे, तेवढ्यावर भागेल का? व्याकरण तर हवंच, पण शिक्षकाला आधी हात आवरायला शिकावं लागतं. वर्गात मुलाचं वाक्य आणखी चांगलं करून दाखवणं हे आपलं कामच असतं. इथे मजकूर लेखकाचा आहे. वाक्य बरोबर आहे, अर्थ स्वच्छ कळतोय, फक्त मी ते वेगळं लिहिलं असतं, एवढ्यासाठी त्याला हात लावायचा नाही. केलेल्या प्रत्येक बदलाचं कारण विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

कॉपी एडिटिंग वर्डच्या फाइलवर, ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल लेखकाला दिसेल अशी सोय) चालू ठेवून होतं. प्रूफरीडिंग छपाईसाठी पानं लागल्यानंतरचं, बहुधा पीडीएफवर: अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक, चित्रांखालच्या ओळी, पान उलटताना गळलेला शब्द. 'फक्त प्रूफ बघा' म्हणणाऱ्याला पुष्कळदा पूर्ण संपादन हवं असतं. म्हणून दर सांगण्याआधी मधल्या प्रकरणाची चार पानं मागवा. पहिलं प्रकरण लेखकाने सगळ्यात जास्त घासलेलं असतं, त्यावरून कामाचा अंदाज येत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रबंधात. मजकुरात 42 टक्के आणि शेजारच्या तक्त्यात 24, असं दिसलं तर आपण आकडा बदलायचा नाही. समासात टीप घालायची: 'मजकुरात 42, तक्ता 3 मध्ये 24. कोणता घ्यावा?' सूर विचारणाऱ्याचा हवा, गुण कापणाऱ्याचा नको. संदर्भसूची मी मजकुराबरोबर तपासत नाही, तिच्यासाठी वेगळी फेरी ठेवते. संदर्भ देण्याच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असले की मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच 'एट अल.' ('आणि इतर') येतं, शिकागो या दुसऱ्या शैलीचे नियम तिच्या पुस्तिकेत पाहावे लागतात. सगळं पाठ नको, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. शिवाय प्रत्येक कामाची एक स्टाइल शीट ठेवा. 'ऑर्गनाइझ'मध्ये 'एस' की 'झेड', टक्के अक्षरात की चिन्हात, हे एकदा ठरवून लिहिलं की तीनशेव्या पानावर आठवावं लागत नाही.

प्रबंधाची भाषा सुधारा, युक्तिवाद लिहून देऊ नका. मार्गदर्शकांना हे काम ठाऊक आहे का, ते सुरुवातीलाच विचारा. विद्यार्थ्याच्या पदवीचा प्रश्न आहे, इथे भीड नको. लेखकाला न विचारता त्याचा मजकूर कुठल्याही ऑनलाइन साधनात टाकू नका.

पैशांचं बोलताना शिक्षकांना संकोच होतो, तो मात्र सोडा. दर शब्दांवर ठरवा. पानावर ठरवलात तर एका पानात किती शब्द धरायचे (250 धरण्याची जुनी पद्धत आहे) तेही लेखी घ्या. दुरुस्तीच्या किती फेऱ्या, मुदत कोणती, हे सगळं ईमेलमध्ये असू द्या. मोठ्या कामात काही रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रकरणागणिक मागा. संस्था टीडीएस (आधीच कापलेला आयकर) वजा करून पैसे देतात, तेव्हा कापलेली रक्कम आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावे दिसतेय ना, ते विवरणपत्र भरण्याआधी पाहा.