पुस्तक स्कॅन करण्यापूर्वी: ग्रंथपालांसाठी कॉपीराइटचे मार्गदर्शन

पुस्तकाची प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असते. तिच्यातील मजकुराचे हक्क मात्र ग्रंथालयाकडे नसतात. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था असो वा तालुक्यातील एखादे लहान वाचनालय, जुनी पुस्तके स्कॅन करून वाचकांना द्यावीत ही मागणी कोल्हापुरात सर्वत्र होते आणि ती रास्तच आहे. ती पूर्ण करताना कायदा कोठे मोकळीक देतो आणि कोठे अडवतो, हे ग्रंथपालाला नेमके ठाऊक असले पाहिजे.

सर्वप्रथम लेखकाच्या मृत्यूचे वर्ष शोधावे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे हक्क टिकतात. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले माधव जूलियन १९३९ मध्ये निवर्तले. त्या वेळी ही मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता १ जानेवारी १९९० पासून सर्वांना खुली आहे. वि. स. खांडेकर यांचे निधन १९७६ मधले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत कायम राहतील. आवृत्ती संपली किंवा प्रकाशन संस्था बंद पडली म्हणून हक्क संपत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्यासाठी ६० वर्षे प्रकाशनापासून मोजावी लागतात, आणि लेखक दोघे असतील तर जो नंतर वारला त्याच्या मृत्यूपासून.

एकाच पुस्तकात अनेकांचे हक्क असू शकतात, आणि घाईत नेमके इथेच दुर्लक्ष होते. मूळ बंगाली कादंबरी मुक्त झाली असली, तरी तिच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. प्रस्तावना आणि चित्रे यांचेही तसेच आहे. म्हणून दाखल नोंदवहीत लेखक, अनुवादक, प्रस्तावनाकार आणि चित्रकार यांची मृत्युवर्षे लिहिण्यासाठी एक रकाना वाढवावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदा नीट केले की पुढच्या ग्रंथपालाला पुन्हा करावे लागत नाही.

हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांबाबतही ग्रंथपालाचे हात पूर्णपणे बांधलेले नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठच्या गावांना जतनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवण्याची मुभा याच कायद्याचे कलम ५२ देते. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्धच नसेल, तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. मात्र जतनासाठी केलेली पीडीएफ सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे म्हणजे जतन नव्हे. ते जनतेपर्यंत वितरण ठरते आणि या सवलतीत बसत नाही. अशी फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती कोणाकडे असते याची नोंद करावी.

संशोधन किंवा खासगी अभ्यासासाठी वाचकाने आवश्यक तेवढ्या पानांची झेरॉक्स घेतली, तर वाजवी वापर म्हणून कायदा तिला संरक्षण देतो. अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींचा प्रश्न दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात आला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या प्रतींना दिलेली सूट व्यापक अर्थाने वाचली. हा निकाल महाविद्यालयीन ग्रंथपालांनी मुळातून वाचावा असे मला आवर्जून वाटते, कारण भीतीपोटी विद्यार्थ्यांना कायदेशीर प्रतही नाकारणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

देणगीच्या कागदपत्रांत सर्वाधिक सावध राहावे. एखाद्या साहित्यिकाच्या कुटुंबाने पत्रांची पेटी दिली, तर कागद ग्रंथालयाचे होतात. परंतु पत्रातील मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा राहतो. त्या साहित्यिकाला इतरांनी लिहिलेल्या पत्रांवर देणगीदार कुटुंबाचाही हक्क नसतो. ज्या मजकुराचा हक्क कुटुंबाकडे आहे, त्यापुरता लेखी करार देणगी स्वीकारतानाच करावा. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरला जातो, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे नमूद नसल्यास, तो संपुष्टात येतो. स्कॅनिंगचे काम निधीअभावी हमखास रखडते. त्यामुळे ही शेवटची अट करारात स्पष्ट शब्दांत दूर करून घ्यावी.

दृष्टिहीन वाचकांसाठी मात्र परवानगीची वाट पाहत बसू नये. ज्यांना नेहमीच्या छापील रूपात वाचता येत नाही, अशा वाचकांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा संगणकाला वाचता येईल अशी प्रत तयार करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, आणि त्या पुस्तकावरील हक्क शिल्लक असले तरी ती लागू होते. प्रत नफ्याविना द्यावी, ती अशाच वाचकांकडे राहील याची काळजी घ्यावी, आणि मागणी आली त्याच आठवड्यात काम सुरू करावे.